काचेवरच्या दोघी

माझ्या अंधारखोलीला नारळांचा वास होता. डिचोलीच्या आमच्या घरात स्वयंपाकघरामागे एक बिनखिडकीची कोठी होती. तिथे पाडलेले नारळ रचून ठेवत, वर कांद्यांच्या माळा टांगलेल्या असत आणि कोपऱ्यात मिठात घातलेल्या कैऱ्यांची उंच बरणी. लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा मला सगळ्यात आधी ती कोठी आवडली, कारण दार लावून घेतलं की आत स्वतःचा हातसुद्धा दिसत नसे. मी तिथून हसत बाहेर येताना सासूबाईंनी पाहिलं आणि शेजारणीला सांगितलं, "आमच्या सुनेक नारळांचो भारी सोस." पुढे त्या कोठीत एक मेज आलं, लाल दिवा आला, फोटो मोठे करण्याचं एक जुनं यंत्र आलं आणि सासूबाईंची तीन एनॅमलची तसराळी आली. तसराळी त्यांनी एका अटीवर दिली, ती पुन्हा स्वयंपाकघरात आणायची नाहीत. फोटो धुण्याच्या औषधांचा आंबट वास, नारळांचा गोडूस वास आणि कैऱ्यांच्या खाराचा वास मिळून जो एक वास होई, तो मी दुसरीकडे कुठे घेतला नाही.

कॅमेरा मामाने दिला होता. तो बोटीवर कामाला असे. लग्नात साडी किंवा घड्याळ न देता त्याने हा दोन डोळ्यांचा, छातीशी धरून वरून आत बघायचा कॅमेरा माझ्या हातात ठेवला. सोबत इंग्रजी माहितीपुस्तक होतं. इंग्रजी शाळेत आणि कॉलेजात शिकल्याचा मला झालेला पहिला खरा उपयोग म्हणजे ते पुस्तक मी एकटीने वाचून काढलं. शिकवायला कोणी नव्हतं. जे चुकलं ते मी चुकून शिकले, आणि त्यात बऱ्याच रिळांचा निकाल लागला.

आमच्या घरासमोरून खाणीचे ट्रक जात. सकाळी पाववाला पोदेर सायकलचा भोंगा वाजवत येई, त्याच्यामागोमाग पहिला ट्रक, आणि मग दिवसभर तोच घरघराट. लाल धूळ पायरीवर, तुळशीवर, उंडे म्हणजे गोल पावांवर अंथरलेल्या फडक्यावर, सगळीकडे बसे. निगेटिव्हवर एक कण बसला तरी फोटोत माणसाच्या नाकावर तीळ उगवे. म्हणून निगेटिव्ह वाळवायची मी न्हाणीघरात, भुईवर पाणी शिंपडून, आणि तोवर घरातल्या कुणाला आंघोळ करता येत नसे. तुमचे आजोबा खाणीच्या ऑफिसात कारकून होते. त्यांच्या अंगावरची धूळ तर बादलीत उतरायची. तरी ते न्हाणीघराबाहेर पंचा घेऊन उभे राहत आणि विचारत, "सुमन, आज कोणाचं कुटुंब वाळतंय आत?"

अनया, हे सगळं आज लिहायला बसले ते तुझ्यामुळे. मागच्या रविवारी तू फोनवर सांगितलंस की मैत्रिणीच्या बहिणीच्या साखरपुड्याचे फोटो काढलेस, आणि त्यांनी किती द्यायचे विचारलं तेव्हा "तुम्हाला योग्य वाटेल ते द्या" म्हणालीस. तुझा भाऊ आरव मागून हसत होता. मला हसू आलं नाही. तेच वाक्य मी पूर्वी इतक्या वेळा म्हटलंय की तुझ्या तोंडून ऐकताना मला नारळांचा वास आला.

त्या काळी बायकांना पुरुष फोटोग्राफरसमोर बसायचा संकोच वाटे, घरच्यांनाही तो नको असे. म्हणून लोक मला बोलवू लागले. बारशाला, मुंजीला, डोहाळजेवणाला. मी गेले की घरातली बाई मला थेट आत घेई, पाटावर बसवी, आंब्याचं सासव नाहीतर खीर पुढे करी. फोटो काढून झाले की कुंकू लावून ओटी भरी: खण, नारळ, तांदूळ. नवी लग्न झालेली पोर दारात आली आणि तिची ओटी न भरता पाठवली, असं माझ्या माहेरी पेडण्यात किंवा इथे डिचोलीत कुणाला करवलं नसतं. आता मला सांगा, पदरात नारळ घेऊन कुंकू लावलेल्या कपाळाने उभं राहिल्यावर फोटोचे पैसे कसे मागायचे? कोणी विचारलंच तर मी म्हणे, "तुम्हाला वाटेल ते." त्यांना बहुतेक वेळा आणखी एक खण वाटे. माझ्या कपाटात खणांची चळत वाढली आणि कोठीतले नारळ मेजाखाली शिरले. आजोबा म्हणाले, "तू अशीच फोटो काढत राहिलीस तर आपलं नारळांचं दुकान बरं चालेल."

ते चेष्टेत बोलले, पण रीळ, कागद आणि औषधं त्यांच्या पगारातून येत होती. त्याच उन्हाळ्यात ओळखीच्या मुख्याध्यापकांनी शाळेत इंग्रजी शिकवायची जागा माझ्यासाठी राखून ठेवली होती, शाळा उघडेपर्यंत हो-नाही कळवायचं होतं. आजोबांनी जोर केला नाही. त्यांचा स्वभावच तसा नव्हता. एवढंच म्हणाले, "कागदाचे पैसे तरी त्यातून सुटायला हवेत. नाहीतर शाळा काही वाईट नाही." शाळा वाईट नव्हतीच. मला खुपत होतं ते निराळं. म्हापशाच्या स्टुडिओवाल्याला लोक आपण होऊन विचारत, किती झाले म्हणून. मला कोणी विचारत नव्हतं, आणि मला वाटे, माझ्या फोटोत तसं काही नसेलच. आरशासमोर उभी राहून मी दर म्हणून बघितला आहे. आरशातल्या बाईलाही तो जास्त वाटला.

मे महिन्यात पेडण्याजवळच्या पार्श्याहून निरोप आला. तिथल्या सुंदरीमावशी माझ्या आईच्या ओळखीच्या, माहेरी पेडण्याला आमच्याकडे येऊन-जाऊन. त्यांच्या विजयाचा स्थळांना दाखवायचा फोटो काढायचा होता. मी म्हापशाला बस बदलून गेले. काजूचा हंगाम सरत आलेला, घराच्या मागे पिकलेल्या बोंडांचा वास इतका दाट होता की जिभेवर लागावा. विजया पुढे आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर पावडरीचा थर होता आणि मान, हात निराळे. मी म्हटलं, "तोंड धुऊन ये." मावशींनी माझा हात धरून मला बाजूला नेलं.

"बाये, माझां चेडू काळां नाय हां. उन्हात काजी गोळा करून रापलांहा. तू उजळ काड."

"आहे तशी छान दिसते की."

"आसा तशी माका घरात रोज दिसता." मावशींनी भिंतीवरची तसबीर काढून दाखवली. म्हापशाच्या स्टुडिओतली. त्यात कापसासारखी पांढरी एक मुलगी होती, डोळे आणि भुवया तेवढ्या शिल्लक. "ह्यो जुनो झालो. आसोच नवो व्हयो. उजळ काडलंस तर त्या फोटोवाल्याक देतंव तितके पैशे तुका देतंय. रोख."

"आणि आहे तशी काढली तर?"

"तर तू माहेरवाशीण. तुझी ओटी भरतंय."

हे त्यांनी अगदी प्रेमाने सांगितलं. मी "बघते" म्हणाले. विजयाला ओसरीवर दाराच्या कडेला बसवलं, जिथे उजेड माडांतून गाळून येत होता. ती हसायला तयार नव्हती. मी विचारलं, या फोटोत काय हवं तुला? ती म्हणाली, "त्या भिंतीवरचीसारखां माका कमी काम करूक लागलां तरी पुरे. ती बघा, कशी नुसती बसान खाता." आणि स्वतःच्याच बोलण्यावर ती हसली तेव्हा गालाला खळी पडली. तेवढ्यात मी कळ दाबली.

आता थोडं अंधारखोलीतलं सांगते, म्हणजे पुढचं समजेल. तुमच्या फोनमध्ये बोट फिरवून जे होतं ते तेव्हा प्रकाशाने होई. कागदावर दिव्याचा प्रकाश जितका जास्त वेळ पडेल तितका चेहरा गडद उमटे. मी आकडे मोजून दिवा बंद करी; थोडा लवकर बंद केला की चेहरा फिका, म्हणजे लोकांच्या भाषेत उजळ. आयुष्यातला पहिला रोख मोबदला माझ्यापासून तेवढ्याच अंतरावर होता, एक आकडा कमी मोजण्याच्या. मी दोन्ही प्रकारचे फोटो केले. एक मला दिसली होती तशी विजया, दुसरी मावशींना हवी होती तशी.

फोटोला चकाकी यावी म्हणून ओला फोटो काचेवर उताणा न ठेवता तोंडाच्या बाजूने चिकटवायचा आणि वरून दाबून पाणी काढायचं. वाळला की तो आपोआप टक् करून सुटे. मी ओसरीकडच्या खिडकीची तावदानं त्यासाठी वापरत असे. आतून बघावं तर कागदाच्या पांढऱ्या पाठी, पण बाहेर ओसरीवर बसलेल्या माणसाला काचेतून सगळे चेहरे आपल्याकडे बघताना दिसत. सासूबाई दुपारी तिथेच तांदूळ निवडायला बसत. त्या दिवशी पेजेची भांडी घासून मी बाहेर आले तर त्या सूप मांडीवर घेऊन खिडकीकडे टक लावून बसल्या होत्या.

"सुमन, ह्यो दोगी भयणी कोणाल्यो गो?"

"दोघी नाहीत आई, एकच आहे ती."

"खुळी मा गो तूं. ह्या चेडवाक खळी आसा. तिका खंय आसा?"

मी जवळ जाऊन बघितलं. फिक्या फोटोत खळी उरलीच नव्हती. नाकाचा कणा, ओठाची कडा, डोळ्याखालची थट्टेखोर सुरकुती, सगळं उजेडात वाहून गेलं होतं.

"आणि लग्न कोणाचें?" सासूबाईंनी विचारलं.

"खळीवालीचं."

"बरें. ती दुसरी मात्शी दुयेंत दिसता. तिका अजून घरा दवरूं दी." दुयेंत म्हणजे आजारी, आणि तिला अजून घरीच ठेवू द्या असं त्यांचं म्हणणं. एवढं सांगून त्या पुन्हा खडे वेचायला लागल्या. थोड्या वेळाने एक फोटो टक् करून सुटला आणि आत खाली पडला, मग दुसरा.

शुक्रवारी मी दोघींच्या तीन-तीन प्रतींची दोन पाकिटं पिशवीत घालून निघाले. म्हापशाला बाजाराचा दिवस. बसस्टँडवर मिरच्यांची पोती, चणेवाल्या, कंडक्टरांच्या शिट्ट्या. पार्श्याच्या बसला वेळ होता म्हणून मी त्या स्टुडिओसमोर जाऊन उभी राहिले. काचेच्या कपाटात नवऱ्या मुलींचे फोटो मांडलेले होते, सगळ्या पांढऱ्या, सगळ्या एकाच आईच्या पोटच्या. बाजूला दरांची पाटी. मला तिथे राग यायला हवा होता, पण आली ती भीतीच. हा माणूस कसबी होता, त्याच्याकडे पडदे होते, दिवे होते, माणसं रांगेत थांबली होती. माझ्याकडे कोठी होती. मी पाटीवरचा दर पुन्हापुन्हा वाचला आणि बसमध्ये चढले तेव्हा मनाशी ठरवलं होतं की फिकं पाकीट द्यायचं, पैसे घ्यायचे, कागदाचे तरी सुटतील.

मावशींनी मला आत नेलं. पाट मांडलेला होता. शेजारी तबकात खण, नारळ, तांदूळ, कुंकवाचा करंडा, सगळं तयार. ते तबक बघितलं आणि माझं मन फिरलं. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. माझ्या कामाचं काय होणार ते माझ्या आधी त्या तबकाला माहीत होतं, असं काहीतरी वाटलं असावं.

"मावशी, ओटी थांबू दे. आधी फोटो बघा," मी म्हणाले आणि खळीवालीचं पाकीट त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी फोटो दूर धरला, मग जवळ. "ह्यां तर घरातलांच तोंड."

"हो."

"घरातल्या तोंडाक पैशे कित्याक?"

"राहू द्या" हे शब्द माझ्या ओठांवर होते. माझा हात पिशवीत गेला होता आणि दुसऱ्या पाकिटाच्या कडेला लागला होता. मी तो तिथेच ठेवला आणि म्हणाले, "तीन प्रतींचे पंधरा रुपये, मावशी. म्हापशाला देता तेवढेच." आवाज माझा वाटला नाही. पाटी वाचून दाखवावी तसा आला. मावशींनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी ओळखीची मुलगी नसून बसचा कंडक्टर आहे आणि तिकीट वाढल्याचं सांगते आहे.

विजया दाराशी उभी होती. तिने येऊन आईच्या हातातून फोटो घेतला आणि बराच वेळ बघत राहिली.

"आये, ते फोंड्याचे लोक इल्ले, याद आसा?"

"ता कित्याक आता?"

"तो पांढरो फोटो बघून इल्ले. मीया पोहे घेवन भायर इलंय, तर सगळे माझ्या पाठीसून बघी होते. फोटोतली कधी येतली म्हणान. ती म्हातारी तर बशी घेवन माकाच इचारता, चेडू खंय गो?" ती हसायला लागली. "मीया म्हटलंय, येतां म्हणता, तोंड धुता."

मला हसू आवरेना. मावशींना आवरलं. "तोंड बघ हिचां. म्हणानच जमला नाय," असं पुटपुटून त्या आत गेल्या. बराच वेळ आल्याच नाहीत. डब्यांची झाकणं वाजत होती. विजया हळूच म्हणाली, "मनार घेव नका. ती अशीच. देतली."

मावशी आल्या त्या मूठ बंद करून. माझा हात ओढून त्यांनी नोटा त्यात दाबल्या. "हे फोटोचे." मग पाटाकडे बोट केलं. "आता बस. ही पेडण्याच्या आमच्या चेडवाची." कुंकू लावलं, ओटी भरली, तांदळाचे दाणे माझ्या पदरात सरकवले आणि माझ्या कानाशी वाकून अगदी लाडाने म्हणाल्या, "बाये, आता ओटी भरलंय मा? आनी एक कापी फुकट दी. तिच्या मामाक दाखवूक."

पदरात नारळ होता. कपाळावर ओलं कुंकू होतं.

"जादा प्रतीचे पाच रुपये, मावशी," मी म्हणाले.

त्यांनी ती प्रत घेतली नाही. मला काजूच्या बोंडांचा थंड रस, नीरो, पाजला, बसपर्यंत सोडायला आल्या आणि बसच्या खिडकीशी येऊन सांगितलं, की तू तुझ्या आईवर गेली नाहीस, ती बिचारी साधी होती.

विजयाचं त्या फोटोवर लगेच जमलं असं नाही. पुढचे आले त्यांना शेतजमीन हवी होती. तिने मला निरोप पाठवला होता, जमलं नाही, पण या वेळी पाठीमागे कोणी बघितलं नाही. नंतर इब्रामपूरच्या एका घरी जमलं. मावशी स्वतः डिचोलीला आल्या, पाच रुपये मेजावर ठेवून जादा प्रत घेऊन गेल्या आणि लग्नाचे फोटो तूच काढायचेस म्हणाल्या. दर आधी विचारला. मी सांगितला. त्या अर्धा दिवस घासाघीस करत बसल्या, सासूबाईंनी दोनदा चहा केला, आणि मला इतका आनंद झाला होता की मी थोडे कमी केले.

पार्श्याहून परतले त्या संध्याकाळी आजोबांनी हातपाय धुताना विचारलं, "शाळेत काय कळवू?" मी म्हटलं, दुसरी कोणीतरी बघा म्हणावं त्यांना. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, "मग हा नारळ कसला?" मी म्हटलं, तो वेगळा. त्यांना ते पटलं. त्या नारळाचं सासूबाईंनी रविवारी चवळीसारख्या अळसांद्यांचं कालवण, तोणाक, केलं, दाट, भाजलेल्या खोबऱ्याचं, आणि पोदेराकडून जास्तीचे उंडे घेतले.

अनया, माझ्याकडे तुला सांगण्यासारखा दर नाही. तुम्ही राहता तिकडचे दर मला माहीत नाहीत, आणि तुमच्याकडे ओटी भरत नाहीत. पण तुमच्याकडेही ते तबक कुठल्या ना कुठल्या रूपात असणार. केकचा डबा, मिठी, "तू तर घरचीच". ते सगळं घे, आनंदाने घे. फक्त आकडा आधी सांग, आणि सांगताना आवाज पाटी वाचल्यासारखा आला तर येऊ दे. माझा पुढची कितीतरी वर्षं तसाच येत होता.

फिक्या फोटोचं पाकीट मी पिशवीतून तसंच परत आणलं होतं. सासूबाईंना ते बिस्किटांच्या डब्यात सापडलं तेव्हा त्यांनी विचारलं, "ही अजून हांगाच?" त्यांच्या शेवटापर्यंत त्या तिची चौकशी करत राहिल्या, ती दुसरी कशी आहे, काही जमतंय का तिचं. परवा डबा उघडला तर कागद कडांना पिवळा पडलाय, आणि त्या पिवळेपणामुळे तिच्या गालावर एक बारीकशी छटा आली आहे. लांबून बघितलं तर खळी वाटते. तुम्ही याल तेव्हा दाखवते.